साखर उतरली

डॉक्टरांनी रिपोर्ट आधी चष्म्याजवळ धरला, मग लांब धरला, मग फाइलमधला जुना कागद काढून दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. तीन महिन्यांची साखर फेब्रुवारीत ८.२ होती, ऑगस्टमध्ये ६.७. गोळ्या त्याच, डोस तोच. "वा! काय केलंत तरी काय?" त्यांनी विचारलं. विचारण्यात खरंखुरं कौतुक होतं. आठ वर्षं त्यांनी नवऱ्याला 'चाला, वजन कमी करा, बाहेरचं खाऊ नका' हे सांगून पाहिलं होतं, आणि आठ वर्षं तो मान डोलावून बाहेर पडल्यावर कोपऱ्यावरचा वडा खात आला होता. नवरा म्हणाला, "नोकरी गेली." डॉक्टर खो खो हसले. कंपाउंडरही हसला. मग नवरा हसला, आणि तो हसला म्हणून मीही. निघताना डॉक्टर म्हणाले, "छान आहे, हेच चालू ठेवा." मग माझ्याकडे वळून, "आणि वहिनी, तुमचे रिपोर्ट?" मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय!" पुन्हा सगळे हसले.

त्या दिवशी आम्ही रिक्षा न करता घरी आलो. हल्ली करतच नव्हतो. अर्ध्या वाटेवर नवरा म्हणाला, "हेच चालू ठेवा, म्हणजे काय चालू ठेवा?" मी काही बोलले नाही. पण त्याचा तो प्रश्न माझ्या पायात बोचला तो बोचलाच.

'हेच' म्हणजे काय ते मला माहीत होतं. फेब्रुवारीच्या एका गुरुवारी त्याला मीटिंगला बोलावून तासाभरात सगळं संपवलं होतं. एकवीस वर्षांची नोकरी, वय चोपन्न. शुक्रवारी आणि शनिवारी तो झोपून राहिला. सोमवारी सकाळी उठून त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, पाठीला सॅक लावली आणि ८.१२ची लोकल पकडायची असल्यासारखा साडेसातला जिना उतरला. मी गॅलरीत उभी. सोसायटीच्या गेटवर नेहमीचे दोघं-तिघं भेटले, हात वर झाले, 'काय, आज उशीर?' झालं. तो स्टेशनपर्यंत गेला, पूल ओलांडून पश्चिमेला उतरला आणि खाडीच्या बाजूने चालत राहिला. रेतीबंदरला तासभर बसला, पुन्हा चालला. दुपारी जिन्यात कुणी नसेल अशा वेळी परत आला. असं दीड महिना. सोसायटीत हळूहळू कळायचं ते कळलं, कुणी विचारलं नाही, आणि मग लपवण्याचं कारण उरलं नाही. पण तोवर पायांना सवय लागली होती. चालण्याचे फायदे सांगणारे कितीतरी लेख मी त्याला पाठवले असतील. लाजेने माणूस रोज आठ-नऊ किलोमीटर चालतो, हे त्यातल्या एकातही नव्हतं.

आणि मग स्वयंपाकघर. ऑफिसचं कँटीन सुटलं, म्हणजे चार वाजताचा समोसा सुटला, शुक्रवारची बिर्याणी सुटली. मोबाइलवरून मागवणं बंद झालं, ते ठरवून नव्हे, बोट त्या चौकोनावर जायचं आणि मागे यायचं. पाच लिटरचा तेलाचा डबा महिना पुरायचा तो सात आठवडे पुरायला लागला. मी कढईत ओतणं सोडून पळीने घ्यायला लागले, एवढाच फरक. भाजी संध्याकाळी साडेआठनंतर आणायला लागलो, बायका पाटी उचलायच्या बेतात असतात तेव्हा. दुधी, पडवळ, लाल भोपळा या भाज्यांची आमच्या घरात पंधरा वर्षं चेष्टा होत होती. त्या मुकाट परत आल्या. पाऊस पडला आणि स्टेशनबाहेर कर्जतकडच्या बायका टाकळा, कुरडू अशा रानभाज्या घेऊन बसायला लागल्या. टाकळ्याची जुडी हातात घेतली की ओल्या मातीचा आणि थोडा शेंगदाण्यासारखा वास येतो. लसणाची फोडणी, वर ओलं खोबरं, बरोबर नाचणीची भाकरी. मुलीने पहिल्या दिवशी नाक मुरडलं, तिसऱ्या दिवशी फोटो काढला.

खोटं कशाला बोलू, त्या महिन्यांत काही गोष्टी सुंदर झाल्या. रात्री आठला तिघं जमिनीवर बसून जेवायला लागलो. आधी तिघांच्या तीन वेळा होत्या आणि मायक्रोवेव्ह हा घरातला सगळ्यात कामसू माणूस होता. दोन वाहिन्यांचे पैसे भरणं बंद केलं तेव्हा माळ्यावरचा पत्त्यांचा जोड खाली आला. नवरा पोळ्या लाटायला शिकला. पहिल्या महिन्यात भारताचे नकाशे, तिसऱ्या महिन्यात बऱ्यापैकी श्रीलंका. त्याने हिशेब लिहायला घेतला, तोही कंपनीने जानेवारीत वाटलेल्या डायरीत, प्रत्येक पानावर कंपनीचं नाव छापलेलं. पानाला मधोमध रेघ मारून दोन रकाने: 'लागतंच' आणि 'चाललं असतं'. दूध, फी, कर्जाचा हप्ता, गोळ्या हे पहिल्यात. दुसऱ्यात पहिल्या आठवड्यात बरंच काही होतं, मेपर्यंत तो रकाना रिकामा पडायला लागला. एकदा त्यात मी केसांना लावायची मेंदी पाहिली आणि रात्रभर भांडले. कोथिंबिरीवरूनही भांडले आहे. तो पहाटे तीनला उठून अंधारात खुर्चीत बसलेला असायचा, तेही याच सुंदर महिन्यांत. पूर्वी मोबाइलवर बाहेरच्या बिर्याणीचे फोटो पाठवणारी नणंद एकदा म्हणाली, "तुमचं बाई छान, किती साधं आणि निरोगी जगता." मी हो म्हटलं. काय सांगणार, की ही साधी राहणी आम्ही निवडलेली नाही, ती आमच्याकडे राहायला आलीय.

नाचणीवरून आठवलं. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, नाचणी-ज्वारी-बाजरीला सरकारने 'श्रीअन्न' म्हटलं, आणि मॉलमध्ये नाचणीच्या बिस्किटांचा पुडा पाहून मी मोठ्याने हसले होते. लालबागच्या आमच्या चाळीत नाचणी म्हणजे गावाहून मुंडाशातून आलेलं, कुणी पाहुणे आले तर झाकून ठेवायचं पीठ. पाहुण्यांना गव्हाची चपाती, आपल्याला काळी भाकरी. शेजारच्या काकू घाटावरच्या. त्यांनी १९७२चा दुष्काळ गावी काढलेला, रस्त्याच्या कामावर खडी फोडून, सुकडी खाऊन. रेशनवर आलेल्या लाल मिलोचं, त्या परदेशी ज्वारीचं, नाव जरी निघालं तरी त्या पदर तोंडाला लावायच्या. आज त्या असत्या आणि मी त्यांना 'काकू, ज्वारी तब्येतीला चांगली' म्हटलं असतं, तर त्यांनी माझ्याकडे कसं पाहिलं असतं याची मी कल्पना करू शकते. धान्य तेच. ते हाताशी आहे म्हणून खाल्लं की दुसरं काही नाही म्हणून, हे मात्र जिभेला बरोबर कळतं.

मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी चौथीत होते. १८ जानेवारी १९८२. तो मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही, त्यामुळे आमच्या घरात तो संपला कधी हे मला अजून सांगता येत नाही. बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. पहिले दिवस सणासारखे गेले. भोंगा वाजत नव्हता, पुरुष दिवसाउजेडी घरी होते, चौकात पत्ते आणि मोर्चाच्या गप्पा. मग कोकणातली माणसं एसटीने गावी पांगायला लागली, खोल्यांना कुलपं लागली. आमच्या मजल्यावर एक मावशी खानावळ चालवायच्या, वीस-बावीस गिरणी कामगार त्यांच्याकडे जेवायचे. पगार नाही म्हणजे खानावळीचे पैसे नाहीत. तरी त्यांनी ताटं बंद केली नाहीत, आमटी पातळ होत गेली. प्रेमा पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं ते अशाच बायकांसाठी, सावकाराच्या ऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. मावशींचंही कर्ज असणार. मला आठवतो तो फक्त त्यांचा पितळी डाव. आमटी वाढताना आधी तळापर्यंत घालून ढवळायच्या, म्हणजे डाळ सगळ्यांना सारखी जावी. तो आवाज, पातेल्याच्या बुडावर डाव घासल्याचा, मी आजही ऐकला तर वळून बघेन.

बाबाही चालायचे. लालबागहून भाऊच्या धक्क्यापर्यंत, कधी दादरच्या बाजारात पहाटे पाट्या उतरवायला. बसचे पैसे वाचवायचे. गिरणीत असताना त्यांचं पोट थोडं सुटलं होतं, ते वर्षभरात गेलं. गावाहून आलेले मामा म्हणाले, "भावोजी, तब्येत काय मस्त कमावलीत!" बाबांनी उत्तर दिलं नाही. आईने पटकन चहा पुढे केला. डॉक्टरांकडे नवरा हसला तेव्हा मला आधी काय आठवलं असेल तर बाबांचा तो चेहरा, आणि नंतर तो चहा.

कारण चहाचंही एक आहे.

आईची संपातली वही माझ्याकडे आहे. माझ्या तिसरीच्या वह्यांतली कोरी उरलेली पानं काढून तिने सुईदोऱ्याने शिवली होती. अक्षर चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं, शिरोरेघ नाही. रॉकेल. तांदूळ रेशन. तूरडाळ, काही महिन्यांनी ती जाऊन कुळीथ. आरेच्या दूधकेंद्रावरून रोज दोन बाटल्या यायच्या, जूनपासून एक. 'ह्यांची चप्पल शिवली.' 'बाळ्याचं औषध.' 'पोरीची फी', ही मी. साडी उसवली, चष्मा फुटला, दाढ दुखली असं त्या दोन वर्षांत तिचं काही ना काही झालंच असणार. वहीत त्यातलं काहीच नाही. मी शेवटपर्यंत शोधलं. एका ठिकाणी 'मला' असं लिहून खोडलंय, पुढे काय होतं ते वाचता येत नाही.

आपल्याकडे अशा बायांची स्तुतिस्तोत्रं फार झाली, मला आणखी एक लिहायचं नाही. आईने आम्हाला फार चांगल्या सवयी लावल्या हे खरं आहे. ताटात टाकायचं नाही, सूर्य मावळला की फार वेळ न लावता जेवायचं, जेवताना भांडायचं नाही, पालेभाजीचे देठ फेकायचे नाहीत. आजचे आहारतज्ज्ञ फी घेऊन जे सांगतात त्यातलं निम्मं ती रॉकेल वाचवायला करत होती. पण तिची स्वतःची सवय वेगळीच होती. दुपारी आम्ही शाळेत, बाबा बाहेर; ती जेवायची नाही, चहा प्यायची. चहाने भूक मरते. साखर नसली तर गूळ, दूध नसलं तर कोरा. संध्याकाळी आमचं झालं की उरलेल्या भाकरीबरोबर पुन्हा चहा. दोन्ही वेळचा चहा पोटातल्या अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तिला तर कधीच नाही.

१९९१मध्ये ती चाळीच्या गॅलरीत धुणं वाळत घालता घालता खाली बसली ती उठलीच नाही. परळच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. हिमोग्लोबिन ५.८. तरुण डॉक्टरने विचारलं, "आजी, जेवता काय?" ती तेव्हा पंचेचाळीसची होती. म्हणाली, "सगळं." रक्ताच्या बाटल्या चढवल्या, बाबा खाली बाकावर बसलेले. ते मला म्हणाले, "घरात एवढं कोण उपाशी होतं गं?" विचारत नव्हते. मला काही सुचलं नाही. त्याच संपात, त्याच पातेल्यातलं जेवून एकाची तब्येत कमावली गेली होती आणि एकीचं रक्त आटलं होतं. आणि एका छताखाली राहून कुणालाच नऊ वर्षं दिसलं नव्हतं. बाबांना तर त्या दिवसापर्यंत असंच वाटत होतं की संपात आपण सगळे सारखेच खेचले गेलो.

आई त्यातून उठली, पुढे चांगली पंचवीस-सव्वीस वर्षं जगली, गोळ्या लपवून ठेवत आणि सापडल्या की भांडत. आता ती नाही. वही आहे.

तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी कशी होते हे मुलीने मला समजावलं, ती लाइफ सायन्सला आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण एकशेवीस दिवस जगतात आणि तेवढा काळ रक्तात जी साखर असेल ती त्यांना चिकटत राहते. म्हणजे ती पेशीची हिशेबवहीच. आदल्या दिवशी उपास करून तिला फसवता येत नाही. मला ते फार आवडलं. डॉक्टरांनी वाचली होती ती नवऱ्याची वही, फेब्रुवारीचं पान आणि ऑगस्टचं. त्यात खाडीचा रस्ता होता, टाकळा होता, पहाटे तीनची खुर्ची मात्र उमटली नव्हती. उत्तम हिशेब. आणि माझी वही? ती कुणी मागितली होती की. 'वहिनी, तुमचे रिपोर्ट?' म्हणून. मी विनोद करून बंद केली.

मी उपाशी राहत नव्हते, हे आधी सांगते. एवढी आई मी नाही. पण नीट बघायला गेले तेव्हा दिसलं ते असं: कॅल्शियमच्या गोळ्या मार्चमध्ये संपल्या, नव्या आणल्या नाहीत. नवऱ्याच्या आणल्या. दूध एक लिटरचं अर्धा लिटर झालं तेव्हा दही माझंच गेलं, कारण दही मीच खायचे. नोकरीबरोबर कंपनीचा मेडिक्लेम गेला होता, स्वतःची पॉलिसी काढली ती त्याच्या नि मुलीच्या चिंतेने, त्यात माझं नाव होतं एवढंच. ऑगस्टमध्ये लॅबने दोघांच्या तपासण्या एकत्र केल्या तर सवलत देतो म्हटलं, मी म्हटलं एकाच्याच करा. तिसऱ्या मजल्यावर चढताना दुसऱ्या जिन्यात थांबायला लागले होते. भाजीची पिशवी जड आहे म्हणायचे, कधी कधी पिशवीत नुसती मेथी असायची. आणि दुपारी, मुलगी कॉलेजला, नवरा चालायला किंवा कुणाला भेटायला गेला की मी स्वतःपुरतं पान कशाला वाढा म्हणून चहा टाकायचे. आलं घालून. फार छान व्हायचा.

गणपतीनंतर नवऱ्याला काम मिळालं. भिवंडीकडे एका गोदामात, हिशेब आणि माल बघायचा, पगार आधीच्या निम्म्याहून थोडा जास्त. पहिल्या दिवशी आम्ही गोड केलं, नारळाच्या वड्या, साखर सढळ. तिथे कँटीन नव्हतं पण फाटकाबाहेर एक गाडी होती, आणि जायला शेअर रिक्षा, आणि दिवसभर खुर्ची. तो पहाटे तीनला उठायचा थांबला. रंग परत आला. मला वाटायचं, बाई, ६.७ नको पण हा चेहरा राहू दे. मग वाटायचं, दोन्ही का नको? आठवड्यातून तीनदा तो अजूनही खाडीपर्यंत जातो, आता घाईत, घड्याळ बघत. तो बाक रिकामा असला तरी बसत नाही म्हणतो.

डिसेंबरच्या शेवटी पुन्हा डॉक्टर. पुन्हा दोन कागद शेजारी. "७.१," ते म्हणाले. "वाढली की थोडी. काय झालं?"

नवरा म्हणाला, "नोकरी लागली."

या वेळी कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी चष्मा काढला. मग फेब्रुवारी, ऑगस्ट, डिसेंबर असे तिन्ही कागद त्यांनी पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे तेव्हा तुम्ही खरंच..." नवऱ्याने मान हलवली. थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. कंपाउंडर दारातूनच परत गेला. डॉक्टर काही सल्ला देतील असं वाटलं, दिला नाही. गोळ्या लिहिल्या, चालण्याचं बोलले, त्यात आता जरा संकोच होता. मग सवयीने माझ्याकडे वळले, "आणि वहिनी?" माझ्या तोंडात ते धाडीचं वाक्य तयार होतं. मी दंडावरची बाही वर केली. का ते माहीत नाही. दवाखान्यात रक्त घेत नाहीत, लॅब खाली, रस्त्याच्या पलीकडे आहे, त्यामुळे ते सगळं जरा हास्यास्पदच झालं.

लॅबमधला मुलगा म्हणाला, "काकू, मूठ घट्ट." शीर सापडेना. त्याने मनगटाकडून चापट्या मारत वर येत शेवटी कोपराजवळ पकडली. बाटलीत रक्त उतरताना मी बघत होते, नेहमी बघत नाही. नवरा काउंटरवर पैसे देत होता, सुट्ट्यांवरून काहीतरी चाललं होतं. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला: हिमोग्लोबिन ९.४. मुलीने वाचला, काही न बोलता आत गेली, माझ्या हातातला चहाचा कप काढून घेतला आणि त्या जागी चिरलेलं लिंबू आणि शिळ्या टाकळ्याची वाटी ठेवली. डिसेंबरात टाकळा कुठला, मेथी होती. मला आता सगळ्या पालेभाज्या टाकळाच वाटतात.

रात्री नवरा झोपल्यावर मी डायरी उघडली. वर्ष संपत आलं होतं, तीन-चार पानंच उरली होती. 'चाललं असतं'मध्ये शेअर रिक्षा आणि एक वडापाव, प्रामाणिकपणे. 'लागतंच'मध्ये दूध अर्धा लिटर, गॅसची नळी, आणि त्या दोहोंच्या मध्ये, अक्षर बारीक करून बसवलेलं: हिचं रक्त, ३०० रु.